कायम

बंडोपंतांनी टेबलावर पेढा ठेवला तेव्हा सपना एका जवानाच्या फाटक्या डिस्चार्ज बुकाच्या पानाला मागून पातळ कागद चिकटवत होती. बोटांना खळ लागलेली, म्हणून तिनं पेढ्याला हात लावला नाही. कुणाला नातू झाला असेल, कुणाची पोरगी पास झाली असेल. "कुणाचा?" तिनं मान वर न करता विचारलं.

"तुमचाच," बंडोपंत म्हणाले. "मुंबईहून फोन होता. आपल्या जिल्ह्याला पेन्शन-क्लेमच्या कामाचं पद मंजूर झालं. आता दरसाल अनुदानाची वाट बघणं नाही. आणि जागेवर आहे त्याच माणसाला घ्या, असं तिकडूनच सांगितलंय. सपनाताई, तुम्ही कायम झालात."

बंडोपंत माजी सैनिकांच्या त्या कार्यालयातले जुने हेडक्लार्क. परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला तेव्हा पत्र्याच्या पेट्यांत कोंबलेल्या फायलींबरोबर तेही जीपमध्ये बसून इकडे आले, आणि रिटायर व्हायच्या आत एवढं एक काम व्हावं म्हणून त्यांनी मुंबईला कितीतरी पत्रं पाठवली. ती सगळी सपनानंच टाइप केलेली. जिल्ह्यात माजी सैनिक एवढे, विधवा एवढ्या, पेन्शनची प्रकरणं पडून एवढी, आणि ती निकाली काढायला माणूस एकच, तोही हंगामी. तो हंगामी माणूस म्हणजे आपण, हे टाइप करताना तिच्या कधी मनात आलं नव्हतं. कागद रोलरमधून वर सरकत राहायचा आणि ती पुढची ओळ बघायची. आता बंडोपंतांचा चेहरा उजळला होता. आपणही हसलं पाहिजे हे तिच्या ध्यानात आलं, ती हसली. पण विहिरीत बादली सोडताना हातातून दोर निसटावा आणि खालून आवाज यायची वाट बघत उभं राहावं, तसं तिला झालं होतं.

"साहेब सोमवारी येतील," बंडोपंत म्हणाले. "तेव्हा संमती लिहून द्या."

"लिहून द्यावं लागतं?"

"रीत असते. आता नकोच असलं तर गोष्ट वेगळी," असं म्हणून ते हसले, कारण असं कुणी म्हणेल हे त्यांच्या कल्पनेतही नव्हतं. शिपाई हिरासिंगला चहा सांगायला ते बाहेर गेले. सपनानं बोटं पुसली आणि पेढा तोंडात टाकला. तो टाळूला चिकटून बसला. नकोच असलं तर. ते शब्द त्यांनी सहज टाकले होते आणि तिनं ते उचलून घेतले होते, वाटेत सापडलेली वस्तू पदराखाली झाकावी तसे.

खिडकीबाहेर व्हरांड्यात बाकडं होतं. त्यावर खेड्यापाड्यांतून आलेले म्हातारे जवान, धोतरावर फौजेतला जुना कोट घातलेले, आणि बायका, आपापल्या पिशव्या छातीशी धरून बसायच्या. सिद्धेश्वर धरणाकडची मनकर्णा आजही आली होती. तिच्या नवऱ्याचं नाव एका कागदावर एक होतं आणि दुसऱ्यावर दुसरंच, आणि ते दोघे एकच माणूस होते हे सरकारला पटवून देता देता तिचे केस पिकले होते. "तुमी हाव म्हून येते बाई," ती म्हणायची. "दुसरं कुणी असतं तर पुन्यांदा पहिल्यापून सांगावं लागलं असतं." आणि बाकड्याच्या पार शेवटच्या टोकाला, गुडघे जुळवून, गुडघ्यांवर तळहात ठेवून सपनाचा नवरा बसलेला असायचा. नरसिंग पाईकराव. घरी त्याला एकट्याला ठेवता येत नसे, म्हणून तो रोज तिच्याबरोबर यायचा. नवा कुणी जवान शेजारी बसला की नरसिंगला हिंदीत युनिट विचारायचा, तो बरोबर उत्तर द्यायचा, आणि त्यापुढं बोलणं जायचं नाही. कधी कधी तोही उठून रांगेत लागायचा. खिडकीपाशी आला की विचारायचा, "माझं काय झालं?" आणि ती त्याला इतरांना सांगायची त्याच आवाजात सांगायची, "अपील गेलंय वर. अजून आलं नाही." तो मान हलवून परत जागेवर जाऊन बसायचा. पहिल्या पहिल्यांदा तिला त्या क्षणी कुठं तोंड लपवावं कळत नसे. मग सवय झाली. सवय झाली हे कळलं त्या दिवशी ती मागच्या खोलीत जाऊन, फायलींच्या रॅकला टेकून, बराच वेळ उभी राहिली होती.

लग्न झालं तेव्हा हा माणूस इतका भरभर चालायचा की तिला मागून धावावं लागे. "हळू चला की वो," ती म्हणायची आणि तो मागं वळून, हात कमरेवर ठेवून उभा राहायचा. रजेवर आला की सगळ्या बौद्धवाड्याला कळायचं. मग बर्फातली पोस्टिंग. पुढं दवाखान्यातून पत्र, आणि एका दुपारी दोन बोटं कमी झालेला पाय ओढत तो स्वतःच. बोटांचं काही नव्हतं. पण तो दार लावू देत नसे. थंडी असो, पाऊस असो, घराचं दार सताड उघडं लागायचं. कुणी ते लोटलं की त्याचा श्वास वर वर जाई आणि तो भिंतीला नखं लावी. वर काय झालं ते त्यानं कधी सांगितलं नाही, आणि तिनं दोनदा विचारून सोडून दिलं. हिंगोलीत पेन्शनपुऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत ती इतकी वर्षं उघड्या दाराशी झोपत होती, म्हणजे झोपत नव्हतीच. कुत्रं आत आलं, कुणी रस्त्यानं खोकलं की डोळे उघडायचे. आजारपणाची पेन्शन मागितली तेव्हा उत्तर आलं की या आजाराचा सेवेशी संबंध नाही, हा मूळ प्रकृतीतला दोष आहे. ते तिनं डोंगरकड्याला जाऊन सासूला वाचून दाखवलं होतं. भागूबाई केळीच्या बागेतून घड वाहून नुकती आलेली, डोक्यावरची चुंबळ तशीच. "मूळचा दोष म्हंजे?" तिनं विचारलं. "माझ्या कुशीतला? नेलं तवा छाती मोजून नेलं त्याईनं, दात बघून नेलं. तवा न्हाई दिसला दोष?" सपना निघाली तेव्हा ती फाट्यापर्यंत सोडायला आली आणि बस दिसायला लागल्यावर, आता बोललं नाही तर राहील अशा घाईनं म्हणाली होती, "हे बघ पोरी. माझ्या लेकापायी तू कुजू नको. पर आता त्याला दवाखाना पायजे, त्यो हिंगोलीला हाय. तुझी नोकरी हाय तवर संभाळ. नोकरी सुटली की त्याला हितं आणून सोड, आन् तू तुझ्या वाटंनं जाय. म्या काई म्हणणार न्हाई. कुणाला म्हणू बी देणार न्हाई."

त्या बोलण्यावर ती जगली होती. नोकरी अकरा महिन्यांची. सैनिकाची बायको, बारावी पास, टायपिंग येतं म्हणून मिळालेली. अनुदान आलं तर पुढं, नाही आलं तर घरी. ऑर्डर संपत आली की बंडोपंत अस्वस्थ व्हायचे, परभणीला, मुंबईला फोन लावायचे, आणि सपनाच्या अंगात मात्र हलकी हलकी लहर यायची. त्या दिवसांत ती घरातली भांडी घासूनपुसून एका बाजूला लावायची, नरसिंगच्या गोळ्या, कपडे वेगळ्या पिशवीत भरून बघायची. कुठं जायचं याचं चित्र दरवेळी वेगळं असे. बालपणीची मैत्रीण ऐश्वर्या नागपूरला मुलींच्या वसतिगृहात नोकरीला होती, ती ये म्हणायची. पण खरं म्हणजे सपनाला नागपूर दिसतच नसे. दिसायची ती एक खोली, तिला आतून कडी, आणि ती कडी लावून आपण झोपलोय. एवढंच. आणि दरवेळी, अगदी शेवटच्या आठवड्यात, पैसे यायचे. बंडोपंत "वाचलो बाई" म्हणायचे. ती पिशवी रिकामी करायची आणि पुढच्या अकरा महिन्यांकडे तोंड करायची. हे आयुष्य तिनं कधी पूर्ण घेतलंच नव्हतं, उसनं घातल्यासारखं घातलं होतं. कुणी तिला विचारलं असतं की तू कशी राहतेस, तर ती म्हणाली असती, मी कुठं राहते, मी थांबलेय.

शनिवारी ती नीट काम करू शकली नाही. मनकर्णाचा कागद तिनं दोनदा चुकीच्या फायलीत लावला. संध्याकाळपर्यंत तिचं ठरलं होतं, म्हणजे असं वाटत होतं की ठरलंय: नको म्हणायचं. आधी भागूबाईला सांगायचं, नरसिंगला तिथंच ठेवायचं आणि सोमवारी येऊन साहेबांपुढं कागद ठेवायचा. मनकर्णाचं काय होईल, हा विचार आला तसा तिनं बाजूला सारला. पुन्हा आला. कुणी तरी येईल, तिनं स्वतःला सांगितलं. कुणी येणार नाही हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ती पत्रं तिनंच टाइप केली होती.

रविवारी सकाळी दोघं नांदेडच्या बसमध्ये बसली. नरसिंगला खिडकीची जागा लागे, काच उघडी. कळमनुरी गेलं, बाळापूर गेलं. वाऱ्यानं त्याचे केस उडत होते आणि तो समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून, शाळेतल्या पोरासारखा, बाहेर बघत होता. तो आता वाईट दिसत नव्हता. कुणाला कळलंही नसतं. सपनानं डोंगरकड्याची दोन तिकिटं काढली आणि मग उगीच वाटलं की कंडक्टरला म्हणावं, एक डोंगरकडा आणि एक नांदेड. नांदेडला मोठं स्टँड, तिथून कुठंही गाडी मिळते. ते वाक्य तोंडात तयार झालं. कंडक्टर पुढं सरकला तरी ते तोंडातच राहिलं, आणि मग केळीच्या बागा सुरू झाल्या, रस्त्याच्या दोन्ही अंगांना, ओल्या हिरव्या, इतक्या दाट की त्यांच्यातून वारासुद्धा वाट काढून जात असेल.

भागूबाई दारात बसून तूर पाखडत होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण पावलं ओळखली. "सपना व्हय? आन् माझा फौजी?" तिनं सूप खाली ठेवलं. सपनानं तिच्या पायाला हात लावला आणि वाटेत जुळवून ठेवलेलं पहिलं वाक्य काढायला तोंड उघडलं. तेवढ्यात नरसिंगच बोलला. दिवसदिवस न बोलणारा तो माणूस आईपुढं उकिडवा बसला आणि म्हणाला, "आई, सपना कायम झाली."

सपना त्याच्याकडे बघतच राहिली. बाकड्यावर बसून त्यानं ऐकलं होतं. ऐकून, समजून, तो ते इथवर घेऊन आला होता. त्याच्या आवाजात काही तरी होतं, ते तिनं फार दिवसांत ऐकलं नव्हतं म्हणून ओळखायला वेळ लागला. तो अभिमान होता.

भागूबाईनं हात जमिनीला टेकले. "कायम म्हंजे? आता बंद न्हाई व्हनार?"

"न्हाई," नरसिंग म्हणाला. एवढ्यानं दमल्यासारखा तो उठला आणि घरामागं केळीच्या बांधाकडे निघून गेला.

"झालं बाबा," भागूबाई म्हणाली, आणि तिचा सगळा चेहरा सैल झाला. "आता मला मरायला मोकळीक झाली."

"असं काय बोलता आत्याबाई."

"खरं बोलून राहिले. लई दिवसांपून छातीत दुखतंय. नांदेडला दाखवलं, त्यो डाक्टर म्हणला म्हातारे, तुझं काई खरं न्हाई. म्या म्हणलं, न्हाई कसं, पोरीला सबूद दिला हाय. ती कवाबी लेकराला घेऊन यील. ती आली आन् म्या नसले तर ती कुठं सोडंल त्याला?" ती सुपातल्या तुरीवर हात फिरवत होती, जणू दुसऱ्याच कुणाची हकीकत सांगत होती. "म्हून जगून राहिले."

"मला काहून सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर तू कवाच गेली नसतीस."

घरात जाऊन सपना पाणी प्यायली. आत एका भिंतीशी बाज उभी करून ठेवलेली होती, नवी, सुंभाची, घट्ट विणलेली, कुणी कधी न निजलेली. सुंभाचा रंग मात्र धुरानं काळपट झाला होता. बाहेरून भागूबाई म्हणाली, "त्याच्यासाठी विणली व्हती. मला वाटलं, पहिल्याच साली जाशील तू."

सपना दारात येऊन उभी राहिली. "आत्याबाई, नको म्हणता येतं म्हणे."

"कशाला?"

"नोकरीला. लिहून द्यावं लागतं. नको म्हणलं तर सुटते."

म्हातारीनं पांढरट डोळे वर केले. तिला सगळं कळलं होतं, कळायला एक क्षणही लागला नव्हता. "मंग म्हण की नको," ती म्हणाली. "सबूद म्हंजे सबूद. म्या जगते अजून दोन-चार सालं. त्यात काय."

ती हे उपकार केल्यासारखं म्हणाली नाही, रागानंही नाही. शेजारणीला पीठ उसनं देताना म्हणावं तसं म्हणाली, आणि पुन्हा सूप उचललं. तूर उडत होती, पडत होती. सपनाला वाटलं आपण रडू, पण रडू आलं नाही. तिला फक्त झोप आली. तिनं बाज आडवी केली आणि तिच्यावर अंग टाकलं. सुंभाचे पीळ पाठीला रुतले, धुराचा वास आला, आणि मग काहीच नाही. स्वप्नसुद्धा नाही. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. घराचं दार लोटलेलं होतं, तिच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून भागूबाईनं लोटलं असणार. बाहेर अंगणात मायलेकांची कुजबूज चालू होती. नरसिंग बाहेर होता म्हणून दार लावता आलं होतं. ती तशीच पडून राहिली. त्या अंधाऱ्या खोलीत कुणालाही तिची गरज नव्हती, आणि आपण हेच मागत होतो हे तिला आठवलं. ते इथं, या घरात, असं फुकट, एका दुपारपुरतं मिळालं होतं. ती उठली नाही. बस चुकली तरी उठायचं नाही असं तिनं ठरवलं, आणि बाहेरून नरसिंग म्हणाला, "आई, तिला उठव. उद्या तिचं हापिस हाय," तेव्हा ती उठली.

निघताना भागूबाई फाट्यापर्यंत सोडायला आली. "काय ठरवलंस?" तिनं तिथं विचारलं. सपना म्हणाली, "तुमी दवाखान्यात जावा आत्याबाई." म्हातारीनं तिचा हात हातात घेतला आणि सोडला. हिंगोलीची बस आली. पलीकडच्या बाजूला नांदेडची उभी होती, अर्धी रिकामी.

सोमवारी तिनं साहेबांपुढं संमती लिहून दिली. अक्षर चांगलं आलं. बंडोपंतांनी सगळ्यांना पुन्हा पेढे वाटले आणि पुढच्या उन्हाळ्यात ते सुखानं रिटायर झाले. मनकर्णाचे दोन नवरे कागदावर शेवटी एक झाले. ती साखरेचा पुडा घेऊन आली आणि खिडकीतून आत सरकवून बाकड्यावर संध्याकाळपर्यंत बसून राहिली. भागूबाई त्या आधीच, थंडीत गेली. सकाळी शेजारणीनं हाक मारली तर उठली नाही. मातीला नरसिंग सगळ्यांच्या पुढं ताठ उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. घरी आल्यावर सपनाला मात्र त्या बाजेची आठवण झाली, आणि ती कुणाला द्यावी हे सुचलं नाही. मोठ्या पगाराची, रजांची, हक्कांची कागदपत्रं येत गेली. तिनं पिशवी भरून बघणं बंद केलं. आता ऑर्डर संपत नव्हती, त्यामुळं वर्षाला शेवटच राहिला नव्हता. महिने एकमेकांत मिसळून जायचे, आणि कधी कधी फाइल उघडून ती विचार करायची, हे आपण काल केलं की मागच्या साली.

मग एका सकाळी नव्या पदांच्या पाट्या करायला पेंटर आला. बंडोपंतांच्या जागी आलेल्या हेडक्लार्कनं त्याला खिडकीपाशी उभं केलं होतं. व्हरांडा भरलेला होता. पेंटरनं लाकडी पाटी मांडीवर घेतली, खडूनं रेघ मारली आणि विचारलं, "मॅडम, नाव?"

"सपना."

"पूर्ण सांगा."

"नुसतं सपना लिहिलं तर?"

"सरकारी पाटी हाय मॅडम. पूर्ण लागतं."

नवऱ्याचं नाव तिनं कागदावर शेकडो वेळा लिहिलं होतं, टाइप केलं होतं. तोंडानं कधी घेतलं नव्हतं. सासरी कुणीच बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. पेंटर खडू धरून थांबला होता. बाहेर कुणी तरी खोकलं. "सपना," ती म्हणाली, आणि पुढचा शब्द तिच्या अपेक्षेपेक्षा मोठ्यानं, हजेरी घेतल्यासारखा बाहेर पडला, "नरसिंग..."

"हाजिर साब."

बाकड्याच्या टोकाला तो उठून उभा होता. टाचा जुळलेल्या, मुठी मांडीला लागलेल्या, हनुवटी वर, नजर समोरच्या भिंतीच्या आरपार. इतकी वर्षं वाकून बसणारा तो माणूस तिला एकदम उंच दिसला. कुणी हललं नाही. "बसा," ती खिडकीतून म्हणाली. "बसा की. तुमाला न्हाई बोलावलं." त्याला ते ऐकूच गेलं नाही. त्याच्या मानेची शीर थरथरत होती. तो किती वेळ असा उभा राहील, दुपारपर्यंत, संध्याकाळपर्यंत, हे तिला कळेना, आणि आपल्यापाशी दुसरा कुठलाही शब्द नाही हे मात्र कळलं.

बाकड्यावरून हरिचंद सुभेदार उठले. वसमतकडचे म्हातारे, पाठीत वाकलेले, काठी टेकत टेकत ते नरसिंगच्या समोर गेले. काठी त्यांनी भिंतीला लावली आणि जमेल तेवढं सरळ होऊन, हळू पण स्वच्छ आवाजात म्हणाले, "विश्राम."

नरसिंगचे पाय विलग झाले. हात मागं गेले. छातीतला श्वास बाहेर आला, सगळ्या व्हरांड्याला ऐकू येईल इतका. आणि खिडकीच्या आत, खुर्चीत, सपनाचेही खांदे खाली आले. ते इतके दिवस वर धरलेले होते हे तिला तेव्हाच समजलं. कुणी सांगेपर्यंत तीही उभीच होती.

"पुढं काय लिहू?" पेंटर म्हणाला.

"पाईकराव," ती म्हणाली. तो लिहीपर्यंत ती पाटीकडे बघत राहिली.